एका टिंबानंतरची दहा मिनिटं

एकच ईमेल दोनदा आली, की पाठवणाऱ्याने बटण दोनदा दाबलं असेल असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कधी कधी माणूस निर्दोष असतो आणि उतावळेपणा यंत्राचा असतो.

ईमेल पोहोचवणारे दोन सर्व्हर एसएमटीपीच्या रिवाजाने बोलतात. आधी ओळख, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग घेणाऱ्याचा, मग मजकूर. मजकूर संपला, हे सांगायला एका ओळीवर फक्त एक टिंब. ते मिळालं की समोरचा सर्व्हर ईमेल ठेवून घेतो आणि 250 हा आकडा कळवतो. गोची इथेच आहे. ईमेल ठेवून झाली, पण 250 हाती यायच्या आत पाठवणारा सर्व्हर वाट पाहून कंटाळला, तर तो तीच ईमेल पुन्हा पाठवतो. म्हणून 2008 च्या आरएफसी 5321 या नियमावलीने पाठवणाऱ्याला इतर टप्प्यांवर किमान 2, 3 किंवा 5 मिनिटं थांबायला सांगितलंय, आणि टिंबानंतर तब्बल 10.

म्हणजे शब्द बरोबर, क्रम बरोबर, तरी घोटाळा. चाचणीच्या दिवशी सर्व्हर चपळ असला तर हा घोटाळा दिसतही नाही.

असा घोटाळा आधीच पकडता येईल का? प्रोग्राममध्ये संख्येच्या जागी अक्षरं आली की कंपायलर आधीच हटकतो, ते टाइपच्या, म्हणजे कुठे कोणत्या प्रकारची माहिती चालते या नियमांच्या, जोरावर. जपानी संशोधक कोहेई होंडा यांनी 1993 मध्ये अख्ख्या संभाषणालाच टाइप द्यायची कल्पना मांडली: एक जिथे पाठवतो, तिथे दुसऱ्याने घ्यायलाच हवं. पुढे 2014 मध्ये लॉरा बोकी, वेइझेन यांग आणि नोबुको योशिदा यांनी या टाइपमध्ये घड्याळं बसवली. घड्याळांची रीत संशोधक राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांची, आधीचीच.

खरी गंमत पुढे आहे. समजा संभाषणाचा टाइप, म्हणजे दोघांमधला करार, असा: पहिला निरोप 10 सेकंदांच्या आत कधीही पाठवा, दुसरा त्याच घड्याळाने 5 सेकंदांच्या आत. वाचताना काही खटकत नाही. पण पहिला आठव्या सेकंदाला गेला, तर नियम तंतोतंत पाळूनही तुम्ही अडकलात! दुसऱ्याची वेळ टळून गेलेली. उपाय साधा: पहिल्या निरोपानंतर घड्याळ पुन्हा शून्यावर आणा. हा दोष प्रोग्रामची एक ओळही लिहिण्याआधी, नुसत्या करारात सापडतो. नंतर प्रोग्राम त्या कराराला धरून आहे का, हेही न चालवताच तपासता येतं. दहा मिनिटांची मुदत पडताळायला दहा मिनिटं बसून राहावं लागत नाही. सगळा हिशेब असमिकांचा, शाळेत सोडवायचो त्याच जातीचा.

अर्थात कोणत्या कामाला किती वेळ लागतो, हे प्रोग्राममध्ये आधी सांगावं लागतं. तो अंदाज चुकला तर हमीही गेली. नेटवर्क तुंबलं तर टाइप त्याला हलवू शकत नाही. तिथे टाइमआउट, म्हणजे वाट पाहणं सोडून देण्याची मुदत, लावावाच लागतो.