पडद्यावरील बालमजूर आणि पडद्यापुढील समाज

दिवाळीत फटाका उडविणाऱ्या मुलाला तो फटाका कोणी वळला असेल, असा प्रश्न सहसा पडत नाही. वस्तू बाजारात येते, पण तिच्यामागचे श्रम दृष्टीआडच राहतात. हे श्रम लोकांसमोर आणण्याचे सामर्थ्य अनुबोधपटात असते. मात्र पाहिलेल्याचा विचार व्हावयाचा, तर खेळानंतर प्रेक्षकांनी चार शब्द बोलावयास थांबले पाहिजे.

चलम बेन्नूरकर ह्यांचा १९९० सालचा 'कुट्टी जपानिन कुळंदैगळ', म्हणजे 'छोट्या जपानची मुले', हा तमिळ अनुबोधपट अशा चर्चेस फार उपयुक्त आहे. छोटा जपान हे तमिळनाडूतील शिवकाशीचे टोपणनाव होय. १९२२ साली अय्या नाडार व षण्मुग नाडार हे दोघे तरुण कलकत्त्यास जाऊन काड्यापेट्या तयार करण्याची विद्या शिकून आले. शिवकाशीची कोरडी हवा ह्या धंद्यास मानवली. पाऊस अपुरा असल्यामुळे शेतीचा भरवसा नव्हता आणि मजूर स्वस्त होते. हाताने चालणाऱ्या कारखान्यांस अबकारी करातही सवलत मिळे. चौकटीत काड्या रचणे, पेट्या भरणे, लेबले चिकटविणे ही कामे नगावर दिली जात व ती मुलांच्या वाट्यास येत. पहाटेच्या अंधारात मोटारी खेड्याखेड्यांतून मुलांना गोळा करून कारखान्यांत नेत.

असे चित्र पाहून प्रेक्षकांचे मन कळवळते. तथापि केवळ कळवळ्याने प्रश्न सुटत नाही. "मुलाची मजुरी थांबली, तर त्याच्या घरची चूल कशी पेटावी?" अशी शंका चर्चेत हटकून निघते. ती रास्त आहे, म्हणूनच तिचे उत्तर नीट दिले पाहिजे. मुले थोड्या पैशांत मिळतात, म्हणून मोठ्यांच्या मजुरीचा दर चढत नाही. आणि तो चढत नाही, म्हणून आईबाप मुलास कामावर धाडतात. शाळेस मुकलेले हे मूल उद्या अल्प वेतनाचा मजूर होते व त्याच्या मुलांवरही तीच पाळी येते. लहान बोटे चपळ असतात, हा युक्तिवादही टिकत नाही. काड्या रचावयास मोठ्यांचे हात पुरेसे आहेत. त्यांचे मोल तेवढे अधिक द्यावे लागते.

कायद्याची वाटचालही चर्चेत सांगितली पाहिजे. १४ वर्षांखालील मुलास कारखान्यात, खाणीत वा इतर धोक्याच्या कामावर ठेवण्यास घटनेच्या २४ व्या कलमाने मनाई आहे. तरीही शिवकाशीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे न्यावा लागला. १० डिसेंबर १९९६ च्या निकालाने धोक्याच्या धंद्यातील प्रत्येक मुलामागे मालकाने २०,००० रुपये भरावेत, असे ठरविले. सरकारने त्या घरातील एका प्रौढास काम द्यावे, ते न जमल्यास ५,००० रुपये घालावेत आणि मूल शाळेत जाईल तोवर रकमेचे व्याज कुटुंबास मिळावे, असाही आदेश होता. चुलीची शंका न्यायालयानेही विचारात घेतली, ती अशी.

२००१ च्या जनगणनेत ५ ते १४ वयाची सुमारे १ कोटी २६ लक्ष मुले काम करताना आढळली. २०११ मध्ये हा आकडा सुमारे १ कोटी १ लक्षावर आला. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांस सर्वच धंद्यांत मज्जाव झाला. मात्र शाळेच्या वेळेबाहेर घरच्या बिनधोक्याच्या धंद्यात हातभार लावण्याची मुभा राहिली. येथेच खरी अडचण आहे. कारखान्याच्या दारात निरीक्षक जाऊ शकतो, कॅमेराही एखादे वेळी पोहोचतो. माजघरात बसून नगावर काम करणारे मूल दोघांच्याही नजरेतून सुटते.

ते शेजाऱ्यास व शिक्षकास मात्र दिसते. म्हणून अशा खेळास शिक्षक, पालक, मजूर व कारखानदार ह्या सर्वांना बोलवावे आणि चर्चा शिवकाशीवरून आपल्या गावाकडे वळवावी. पटावर नाव असूनही वर्गात न येणारे मूल कोठे असते? कोपऱ्यावरच्या हॉटेलात कपबश्या कोण विसळतो? अशी माहिती १०९८ ह्या दूरध्वनी क्रमांकावर कोणासही देता येते. सभागृहातून बाहेर पडताना निदान एका मुलाची चौकशी करण्याचे कोणी मनावर घेतले, तर तो खेळ सार्थकी लागला असे समजावे.