सहा चौरस सेंटिमीटर पान

पुण्यात रस्त्याकडेच्या सप्तपर्णीखाली कोणी प्रकाशसंश्लेषण मोजायची पेटी मांडून, पान चिमट्यात धरून उभं राहिलं की थोड्याच वेळात दोन प्रश्न येतात. झाड तोडणार आहात का? आणि हे झाड ऑक्सिजन किती देतं? पहिल्याचं उत्तर सोपं. दुसऱ्याचं उत्तर पेटीकडेही नसतं, कारण ती ऑक्सिजन मोजतच नाही.

जगदीशचंद्र बोस यांनी तो मोजला होता. हायड्रिला या पाणवनस्पतीतून निघणारे बुडबुडे आपोआप नोंदवणारं त्यांचं यंत्र आणि १९२४ सालचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहेत. पण हवेतल्या पानाचं काय? हवेत ऑक्सिजन मुळातच २१ टक्के. त्यात एका पानाची भर शोधणार कशी? म्हणून कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मोजायचं. दोन्ही वायू अवरक्त किरणांच्या ठरावीक लहरी शोषतात. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासच्या. चिमट्याच्या टोकाशी २ बाय ३ सेंटिमीटरची खिडकी असलेला बंद कप्पा असतो. त्यातून हवा पानावरून फिरवायची आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतला फरक बघायचा.

हा फरक अगदी किरकोळ असतो. समजा, पान चौरस मीटरमागे सेकंदाला १० मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड घेतंय आणि हवेचा प्रवाह सेकंदाला ५०० मायक्रोमोल आहे. मग ४२० पीपीएमने आत शिरलेली हवा ४०८ वर बाहेर येते. सगळी मदार या १२ पीपीएमवर. उलट माणसाच्या उच्छ्वासात ४०,००० पीपीएमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो! त्यामुळे मोजणारा वाऱ्याची दिशा बघून उभा राहतो. सिग्नल सुटला, चार रिक्षा गेल्या की आकडे नाचतात. मग हवेतला वायू आधी शोषून घेऊन छोट्या काडतुसातून मोजून मापून सोडावा लागतो. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजणाऱ्या दोन्ही विश्लेषकांना अधूनमधून एकच हवा देऊन त्यांचे आकडे जुळवायचे, त्याला सगळे ‘मॅच करणं’ म्हणतात. कंटाळवाणं काम, पण ते चुकवलं तर पुढचा दिवस वाया.

सप्तपर्णीचं पान रुंद, गुळगुळीत, गुणी. गुलमोहर मात्र रडवतो. त्याच्या पर्णिका जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या, खिडकी भरतच नाही; आणि यंत्र तर सहा चौरस सेंटिमीटर गृहीत धरून बसलेलं. निम्मीच खिडकी भरली तर उत्तरही निम्मं. म्हणून कप्प्यातल्या पर्णिकांचं क्षेत्रफळ नंतर वेगळं मोजून सगळा हिशेब पुन्हा करायचा.

मे महिन्यातल्या दुपारी खरी गंमत कळते. ऊन भरपूर, पण प्रकाशसंश्लेषण सकाळपेक्षा मंद. हवा कोरडी आणि तापलेली असली की पान पर्णरंध्रं आवळून घेतं, कारण त्याच दारांतून पाणीही जातं. वरच्याच उदाहरणात बाष्प ३ मिलिमोल जात असेल, तर कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे ३०० रेणू खर्ची पडतात. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकलेल्या झाडाला हा व्यवहार कसा परवडावा?

खरं तर शहराच्या दृष्टीने बाष्पाचा रकानाच अधिक मोलाचा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता ओढली जाते. पण पाट्यांवर मिरवतात ते किलो: एक झाड वर्षाला इतका कर्ब शोषतं! उन्हातलं पान वेगळं, सावलीतलं वेगळं, धुळीने माखलेलं आणखी वेगळं. सकाळच्या एका चांगल्या पानाच्या आकड्याला झाडाच्या पानांच्या संख्येने गुणणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

कप्प्यातला दिवा बंद करून अंधार केला की आकडा घसरत शून्याखाली जातो. बघ्यांना वाटतं, यंत्र बिघडलं. पान फक्त श्वसन करत असतं. फांद्या, खोड, मुळंही रात्रंदिवस तेच करतात, आणि ती या चिमट्यात मावत नाहीत.