चिपचे वय आधीच ओळखताना

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. उन्हात राहिलेला मोबाइल चटका देतो. तो थंड झाला की आपण विसरतो; आतली चिप मात्र किंचित म्हातारी झालेली असते.

चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्यांतला विद्युतरोधक थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर. उष्णता आणि विद्युतदाबामुळे या थराच्या कडेचे सिलिकॉन-हायड्रोजन बंध तुटतात. मग ट्रान्झिस्टर सुरू व्हायला जास्त दाब लागतो, चिप मंदावते. दाब काढला की काही नुकसान भरून येते; सगळे नाही.

चिप दहा वर्षे टिकेल का, हे पाहण्यासाठी दहा वर्षे थांबता येत नाही. म्हणून आयआयटी मुंबईत प्रा. सौविक महापात्रा यांच्या गटाने या झिजेची गणिती प्रारूपे तयार केली आहेत. वाढीव दाब आणि तापमानात थोडा काळ चाचणी घ्यायची आणि पुढच्या वर्षांचा अंदाज संगणकावर मांडायचा, अशी ही पद्धत. बंध तुटण्याचे गणित चुकले, तर आयुष्याचा अंदाजही चुकतो. मोटारीच्या ब्रेकवर नियंत्रण ठेवणाऱ्या चिपबाबत अशी चूक जिवावर बेतू शकते.

मोबाइलपुरता उपाय सोपा आहे: तो उन्हात ठेवू नये आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नये.