कोंडलेला धूर

तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या केरी गावात जुनी कौलारू घरे अजून दिसतात. अशा घरांत चुलीचा धूर वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाई. वासे काळे पडत, डोळे चुरचुरत, पण धूर साठून राहत नसे. आता पेडणे महालातही स्लॅबची घरे, सरकत्या काचेच्या खिडक्या आणि फोमच्या गाद्या आल्या. अशा घराची आग निराळी वागते, हे बंबवाल्यांना पक्के ठाऊक असते, घरच्यांना क्वचितच.

बंबवाला ज्वाळेआधी धुराकडे पाहतो. छताखालचा काळा, दाट धूर म्हणजे नुसती काजळी नव्हे, ते न जळलेले इंधनच. हा थर भरभर खाली येऊ लागला, त्यात ज्वाळेच्या जिभा लवलवू लागल्या आणि उष्णतेने उभे राहवेना, की खोलीतील यच्चयावत वस्तू एकदम पेटण्याची घटका आली असे समजावे. छताजवळ तेव्हा ६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान असते. यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात. अमेरिकेतील प्रयोगांत जुन्या लाकडी-सुती सामानाच्या खोलीला या अवस्थेस यायला सुमारे अर्धा तास लागला. फोम-प्लॅस्टिकच्या नव्या खोलीला चार मिनिटेही लागली नाहीत. आजीच्या कापसाच्या गादीची थट्टा करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा!

याहून फसवी आग बंद खोलीतली. ज्वाळा दिसत नाहीत, काचा आतून तेलकट काळ्या झालेल्या, आणि दाराच्या फटीतून धूर श्वासासारखा आतबाहेर करतो. आग विझलेली नसते, हवेवाचून अडलेली असते. शेजारी मदतीच्या उमाळ्याने दार उघडतात, हवा आत शिरते आणि भडका स्फोटासारखा बाहेर येतो. म्हणून बंबवाले दार सताड उघडीत नाहीत. पाण्याची नळी सज्ज ठेवून, बाजूला वाकून, किंचित किलकिले करतात. जमल्यास आधी छपरातून धुराला वाट देतात. कौलारू घर हे काम आपणहून करी.

६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री, केरीच्या दक्षिणेस बार्देशातील हडफडे येथे एका नाइट क्लबला आग लागून २५ माणसे गेली. बहुतेक तेथे राबणारे कामगार होते, आणि बहुतेक भाजून नव्हे, धुराने गुदमरून गेले.

घरातून निसटताना म्हणूनच खाली वाकून जावे, मागचे दार ओढून घ्यावे आणि बाहेर येऊन १०१ ला कळवावे. बंब आल्यावर पहिली गोष्ट सांगायची ती ही, की आत कोणी आहे काय आणि कुठल्या खोलीत.