नेत्रिकेपाशी

लॉस एंजेलिस शहराच्या माथ्यावर, माउंट हॉलिवूडच्या दक्षिण उतारावर, तांब्याने मढवलेले तीन घुमट धारण करून जी पांढरीशुभ्र ग्रिफिथ वेधशाळा १९३५ सालापासून उभी आहे, तिच्या हिरवळीवर वैशाखातल्या एका शनिवारी मी दुपारपासून रात्रीपर्यंत होतो. आणि त्या अवधीत आकाशाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, माझे लक्ष लागून राहिले ते आकाश दाखवणाऱ्या माणसांच्या कामाकडे.

भोवतालचे उद्यान ग्रिफिथ जे. ग्रिफिथ या मूळच्या वेल्समधल्या धनिकाने १८९६ साली शहराला बक्षीस दिले. पुढे माउंट विल्सनवरच्या ६० इंची दुर्बिणीतून त्याने आकाश पाहिले, आणि हे दर्शन मूठभर पंडितांपुरते न राहता वाटेवरच्या माणसालाही घडावे, असा ध्यास घेतला. १९१९ साली तो वारला तेव्हा वेधशाळेची एक वीटही रचली गेली नव्हती. परंतु मृत्युपत्रात त्याने पैशाची तजवीज करून ठेवली होती, आणि प्रवेश विनामूल्य असावा ही त्याची इच्छा शहराच्या उद्यानखात्याने आजतागायत पाळली आहे. तारांगणातल्या कार्यक्रमाला तिकीट पडते. दुर्बिणीला पडत नाही.

महिन्यातून एकदा, शुक्ल अष्टमीच्या मागेपुढे येणारा शनिवार गाठून, शहरातली हौशी खगोलमंडळे आपापल्या दुर्बिणी गाडीत घालून वर आणतात. तिथीची ही निवड मोठी विचारपूर्वक केलेली आहे. पौर्णिमेच्या चंद्रावर सूर्यप्रकाश समोरून पडतो आणि सारे सपाट दिसते. अष्टमीला मात्र उजेड व अंधार यांच्या सीमेवर प्रत्येक विवराची कड लांब सावली टाकते, आणि टॉलेमी, अल्फोन्सस व आर्झाकेल ही तीन विवरे एकाखाली एक अशी उमटतात की पाहणाऱ्याला खोली दिसते, नुसता डाग नव्हे.

दुपारचे काम सूर्याचे. हिरवळीच्या कडेला दुर्बीण मांडून बसलेल्या एका गृहस्थांच्या शेजारी मी बराच वेळ उभा राहिलो. दुर्बिणीच्या तोंडावर बसवलेली गाळणी घट्ट आहे ना, हे ते प्रत्येक नव्या माणसाआधी बोटाने कड चाचपून पाहत. रांग पन्नास जणांची असो वा पाच जणांची, बोट फिरल्यावाचून कोणाचा डोळा नेत्रिकेला लागत नसे. ज्या कामात एका चुकीने एखाद्या लेकराची दृष्टी जाऊ शकते, ते काम असेच झाले पाहिजे.

अंधार पडल्यावर मोठ्या डॉब्सोनियन दुर्बिणी पुढे आल्या. त्यांची ठेवण ज्या जॉन डॉब्सनच्या नावाने ओळखली जाते, तो रामकृष्ण संप्रदायाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीत १९४४ पासून संन्यस्त वृत्तीने राहिला होता. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करायचे, पुठ्ठ्याच्या नळीत ते बसवायचे आणि रस्त्यावरच्या लोकांना चंद्र दाखवायचा, हा छंद मठाच्या नियमांत बसेना. अखेर १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९६८ साली, पदपथावर लोकांना आकाश दाखवणारी मंडळी त्याने उभी केली. आपल्या रचनेवर त्याने हक्क सांगितला नाही, म्हणूनच आज कोणीही सुताराच्या हाताने ती घरी करू शकतो.

अशाच एका दुर्बिणीपाशी हौशी मंडळाच्या एक वयस्कर बाई उभ्या होत्या. चांदण्याने आणि शहराच्या दिव्यांनी तेजोमेघ बुजून जातात, परंतु जोडतारे बुजत नाहीत, म्हणून त्यांनी सप्तर्षींतला वसिष्ठ लावला होता. सप्तर्षी त्या वेळी इतके वर आलेले होते की नळी जवळजवळ उभी झाली होती, आणि या जातीच्या दुर्बिणीत नेत्रिका नळीच्या वरच्या टोकाशी असल्यामुळे पाहणाऱ्याला शिडी चढावी लागे. पृथ्वी फिरत असल्याने तारा दृष्टिक्षेत्रातून सरकत राहतो. या दुर्बिणीला घड्याळाची यंत्रणा नाही, तेव्हा दर दोन-तीन माणसांमागे बाई स्वतः शिडी चढत, तारा कडेला गेलेला पाहत, नळीला तळहाताने ढकलत, आणि उतरत. दुर्बीण उभी असली की ती आडवी फिरवणे फार अवघड जाते, किंचित जोर अधिक झाला की तारा पार निसटतो. पण त्यांच्या हाताला ते वजन पाठ होते.

सात-आठ वर्षांची एक मुलगी वर चढली आणि म्हणाली, काही दिसत नाही. घाईचा माणूस असता तर त्याने "बघ नीट" म्हणून पुढच्याला बोलावले असते. बाईंनी तिला शिडी धरायला लावली, कारण मुलांचे हात नेत्रिकेला लागतात आणि दुर्बीण हलते. डावा डोळा तिच्याच तळहाताने झाकायला सांगितला. आणि डोके अगदी थोडे मागे घ्यायला लावले. मग त्या गप्प राहिल्या. रांगेतही कोणी बोलले नाही. थोड्या वेळाने मुलीच्या तोंडून एक दीर्घ श्वास बाहेर पडला आणि ती म्हणाली, तीन आहेत.

ते खरेच तीन होते. माझी पाळी आली तेव्हा पाहिले: अरुंधती आपल्या जागी होतीच, पण वसिष्ठ स्वतःच दुभंगलेला होता, आणि त्याचा सोबती अरुंधतीच्या अंतराच्या जेमतेम पन्नासाव्या भागाइतका दूर, स्वच्छ आणि स्थिर. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी तिथून निघालेला प्रकाश मध्ये कोठे न थांबता माझ्या डोळ्यात येऊन संपत होता. लग्नात पत्नीला मी ज्या ताऱ्याकडे बोट करून दाखवले होते, तो ओळखीचा तारा आयुष्यात प्रथमच मी पाहिला, असे मला वाटले.

घुमटातली झाइसची १२ इंची दुर्बीण मी नंतर पाहिली. तिच्यातून आजवर ८० लाखांहून अधिक लोकांनी आकाश पाहिले आहे. एकेकासाठी कोणीतरी तिथे उभे होते, एवढेच मला त्या आकड्यातून वाचता आले.

परतताना बाईंचा निरोप घ्यायला गेलो, आणि आमच्याकडे विवाहात वधूला ही जोडी दाखवण्याची चाल आहे, नुसत्या डोळ्यांनी, असे त्यांना सांगितले. त्यांनी दोनदा विचारून "अरुंधती" हा उच्चार घोटून घेतला. मग रांगेतल्या पुढच्या जोडप्याला शिडीपाशी थांबवून त्या म्हणाल्या, आधी वर बघा, दुर्बिणीशिवाय; आणि हात उंच करून त्यांनी जागा दाखवली.