एका धाग्याचं वस्त्र : स्वस्त नैसर्गिक सूत आणि नव्यानं विणू लागलेली तरुण मंडळी

न्याय-वैशेषिकात कारणांचे प्रकार शिकवताना एक उदाहरण ठरलेलं असतं : तंतू आणि पट, म्हणजे धागे आणि कापड. धागे हे कापडाचं समवायी कारण, म्हणजे कापड ज्याचं बनलं ते. धाग्यांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. आणि विणकर, त्याचा माग ही निमित्त कारणं. आता हे उदाहरण मागावरच्या कापडाचं आहे, तिथे उभे-आडवे पुष्कळ धागे लागतात. दोन सुयांवरच्या स्वेटरला मात्र तत्त्वतः एकच धागा पुरतो; तो स्वतःच्याच फासातून पुन्हा पुन्हा जातो. मराठीत दोन्हीला आपण ‘विणणं’च म्हणतो, म्हणून हा फरक नजरेतून सुटतो. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या विणण्याबद्दल, आणि त्यातही समवायी कारणाबद्दल. धागा कशाचा?

हा प्रश्न हल्ली विशी-पंचविशीतली मुलं-मुली विचारतात. विणकाम आजीबरोबर संपणार असं वाटत होतं, ते काही संपलं नाही. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा सूर मारणारा सुवर्णपदकविजेता टॉम डेली प्रेक्षकांत बसून निवांत विणत होता, ते जगानं पाहिलं. पदक ठेवायला पिशवीसुद्धा त्यानंच विणली. (हे बायकी काम, असं म्हणणाऱ्यांसाठी : युरोपातले विणकऱ्यांचे जुने व्यावसायिक संघ पुरुषांचे होते.)

आता आपल्याकडच्या दुकानात चला. ‘लोकर द्या’ म्हटलं की जो गुंडा हातात येतो, त्याच्या पट्टीवर बहुतेक वेळा ‘१०० टक्के ॲक्रिलिक’ छापलेलं असतं. शब्द मेंढीचा आणि वस्तू खनिज तेलाची! १९५०मध्ये अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीनं हा तंतू ऑर्लॉन या नावानं बाजारात आणला. मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. तो स्वस्त आहे, त्याला कसर लागत नाही, धुवायला सोपा आहे. साध्या घरांत रंगीबेरंगी स्वेटर आले ते त्याच्यामुळेच. पण नाव घेतल्यानं गुण येत नाहीत. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. ॲक्रिलिक घाम जेमतेम शोषतं. आणि धुताना ते झडतं. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६मधल्या अभ्यासात ६ किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात गेल्याचा अंदाज निघाला.

खात्री करायची तर बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर जळक्या केसांचा वास देते, ज्योत काढली की बहुधा विझते, राख चुरगळते. सूत कागदासारखं भुरभुर जळतं. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. तान्ह्या बाळाचं टोपडं आणि झबलं आपण कशाचं विणतोय, हे त्या मण्याकडे बघून ठरवावं.

आता तुम्ही म्हणाल, सर, नैसर्गिक धागा परवडत नाही. इथे मोजमापाचा घोटाळा आहे. आपण भाव किलोचा बघतो, पण विणताना खर्च होतात मीटर. कापसाच्या तंतूची घनता साधारण १.५, लोकरीची १.३, ॲक्रिलिकची १.२. म्हणजे तेवढ्याच जाडीचं सूत तेवढ्याच वजनात कमी लांब भरतं. किलोमागे स्वस्त दिसलेलं सूत मीटरमागे महाग पडू शकतं, आणि उलटही. पट्टीवर ग्रॅमबरोबर मीटर छापलेले असतात, भागाकार तिथेच करावा. दुसरं असं की, मोठ्या माणसाचा स्वेटर हातानं विणायला चाळीस-पन्नास तास सहज जातात. सुरुवातीची उसवाउसवी वेगळीच. एवढे तास ज्यावर खर्च करायचे, त्या धाग्यात वाचवलेले शे-दोनशे रुपये म्हणजे नक्की किती बचत, हेही एकदा मांडून बघा.

आपल्या हवेला खरं म्हणजे सूतच बरं. चार पदरी किंवा आठ पदरी सुती धागा घ्यावा. मात्र सुताला ताण नसतो. लोकरीत मनगटाची सुलट-उलट पट्टी ताणून परत बसते, सुतात ती सैल पडते, आणि अंगरखा स्वतःच्याच वजनानं लोंबतो. म्हणून बारीक सुई घ्यावी, घट्ट विणावं, पिशवी-टोपीपासून सुरुवात करावी.

आणि आपली दख्खनी मेंढी? धनगरांनी तिला राखलं, सनगरांनी तिच्या काळ्या लोकरीचं घोंगडं विणलं, चिंचोक्याची खळ देऊन ते टिकाऊ केलं. आज भाव मांसाला आहे. लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर अनेकदा टाकून दिली जाते. फुकट जाणारा नैसर्गिक तंतू आणि परवडणारं सूत शोधणारी मुलं, दोघं एकाच राज्यात, आणि गाठ पडत नाही! अडचण खरी आहे : ही लोकर जाडीभरडी. तंतूची जाडी ३० मायक्रॉनच्या पुढे गेली की तो कातडीला टोचतो. तेव्हा तिचं झबलं नको. पण आसन, पिशवी, सदऱ्यावरून घालायचं जाकीट का नको? आइसलँडची लोकरही टोचरी म्हणूनच ओळखली जाते. तिथल्या लोकांनी गोल नक्षीच्या गळ्याचा स्वेटर त्याच लोकरीत विणला, आतून सदरा घातला, आणि तोच देशाची ओळख झाला. २००८मध्ये तिथल्या बँका कोसळल्यावर लोक पुन्हा जोमानं विणायला बसले. पण तिथे ती विणायच्या सुताच्या रूपात साध्या दुकानातही मिळते. आपल्याकडे कातरणी आणि सुई यांच्यामध्ये धुणारा, पिंजणारा, कातणारा उरलेला नाही. त्याला मजुरी कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. तिथे मग ‘स्वस्त’चा हट्ट थोडा सोडावा लागेल, असं माझं मत.

अगदीच पैसे नसतील, तर जुन्या बाजारातला खऱ्या लोकरीचा स्वेटर घ्या आणि उसवा. नैयायिक म्हणतात, असमवायी कारण गेलं की कार्य जातं. संयोग सुटला, पट गेला, तंतू मात्र शाबूत! आपल्या आया-मावश्या हेच करत. घेण्याआधी शिवण बघा. शिवणीपाशी कापड कापलेलं असेल तर हातात तुकडेच येतील. धुऊन आटलेला असेल तरी उसवणार नाही. टाके सलग असतील तर शिवण सोडायची, शेवटच्या टाक्यापासून ओढायचं, खुर्चीच्या पाठीवर लड गुंडाळायची, तीन-चार ठिकाणी सैल बांधायची. कोमट पाण्यात भिजवून, खाली हलकं वजन टांगून सावलीत वाळवली की धाग्याचे कुरळे वळसे जातात. मग गुंडा करायचा आणि टाके घालायचे.