माळीणचा डोंगर आणि पाण्याचा हिशोब

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. १५१ माणसं दगावली. पाऊस फार झाला म्हणून दरड आली, असं म्हणून आपण थांबतो. भू-तंत्र अभियंत्याचा हिशोब तिथून पुढे सुरू होतो.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात खाली काळा कातळ आणि वर त्याचीच झीज होऊन बनलेला माती-मुरमाचा थर. हा थर उतारावर टिकतो तो कणांमधल्या घर्षणामुळे आणि थोड्याफार चिकटपणामुळे. धरून ठेवणाऱ्या बळाला खाली ओढणाऱ्या बळाने भागलं की मिळतो सुरक्षा गुणांक. तो १ च्या खाली गेला की उतार सुटला.

आकडे घालून पाहू. उतार २५ अंशांचा, मातीचा घर्षणकोन (कणांमधल्या घर्षणाचं माप) ३५ अंश, चिकटपणा शून्य धरू. कोरड्या थराचा गुणांक येतो १.५. तोच थर वरपर्यंत पाण्याने भरला आणि पाणी उताराच्या दिशेने झिरपू लागलं, की गुणांक ०.७५ च्या आसपास! माती भिजून जड होते म्हणून घसरते, हा समज अपुरा आहे. कणांमधल्या पाण्याचा दाब कणांवरचा भार स्वतःवर घेतो, त्यामुळे घर्षण जवळपास निम्मं होतं. कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेलं हे तत्त्व आजही प्रत्येक आराखड्याच्या मुळाशी आहे.

खरा डोंगर इतका सरळ नसतो. म्हणून संगणकावर उताराचा उभा छेद घेऊन त्याचे हजारो तुकडे पाडतात, प्रत्येकाला मातीचे गुणधर्म देतात, पाऊस मुरवतात आणि मातीची ताकद टप्प्याटप्प्याने कमी करत जातात. समतोल साधेनासा झाला की घसरणीची रेषा उमटते. या फायनाइट एलिमेंट पद्धतीत पायथा कापूनही बघता येतो. पडकईसाठी, म्हणजे उतारावर भातशेतीच्या पायऱ्या पाडण्यासाठी, यंत्रांनी डोंगर कापल्यामुळे धोका वाढला का, यावर माळीणनंतर बराच वाद झाला. असा वाद तावातावाने नव्हे, या गणिताने तपासावा. मात्र पडद्यावरच्या रंगीत चित्राला भुलू नये. बोअर घेऊन माती तपासली नसेल, पिझोमीटर बसवून पाण्याचा दाब मोजला नसेल, तर ते चित्र म्हणजे देखणा अंदाज.

आमडे इथं वसवलेल्या नव्या माळीणमध्ये २०१७ च्या पहिल्याच पावसाळ्यात रस्ते खचले. म्हणजे जागा बदलली तरी पाण्याचा हिशोब सुटत नाही. डोंगराखालच्या ग्रामपंचायतींनी नव्या जागेचा नकाशा समोर आला की एवढं विचारावंच: भर पावसाळ्यातलं पाणी धरून या उताराचा गुणांक किती आला?